बघण्यापुरतं पाणी

कारखाना, ११ जानेवारी

डॉक्टर,

बूच परत बसवलं आहे आणि बाटली वाळूच्या बादलीत उभी करून हे लिहितो आहे. मिस्त्री अजून बाहेर खोकतोय. मी खोकलो नाही, कारण माझं नाक कॅडमियमने केव्हाच खाल्लं. वास येत नसला की माणूस शूर दिसतो.

तुमचं औषध बाटलीबाहेर यायच्या आधीच त्याचा धूर झाला. पांढरा, जड, टेबलाच्या कडेवरून खाली ओघळणारा. मिस्त्रीने विचारलं, "हे साडूंनी पाठवलंय की दुश्मनाने?" मी म्हटलं, "दोन्ही एकच."

बत्तीस वर्षं मी लोखंडावर दुसरा धातू चढवतो. तांबं, निकेल, जस्त, कॅडमियम. ॲल्युमिनियम चढवणारा माणूस मी पाहिलेला नाही. पाण्याच्या टाकीत ते चढत नाही, एवढं नववीत शाळा सोडलेल्या मलाही माहीत आहे. तुम्ही म्हणता, मग पाणीच नको. बरं. मग हे पातळ काय आहे? तुमच्या बायकोने, आमच्या धाकटीने, हिला फोनवर सांगितलं की ते नुसतं मीठ आहे. मिठाचं पाणी, पण पाणी वगळून. एवढं शिकून माणूस असं बोलतो आणि त्याला पगार मिळतो.

तरी तुमच्याकडे आलो, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही विसरता म्हणून पुन्हा लिहितो. कॅडमियमची टाकी तीस एप्रिलला कायमची बंद करायची अशी नोटीस आहे. विमानातल्या खुर्च्यांचे बोल्ट हे माझं एकच काम. बोल्टवाले म्हणतात, कॅडमियमच्या जागी ॲल्युमिनियम चढवलेले वीस बोल्ट पंधरा एप्रिलला दाखव. नट पाच वेळा चढवून उतरवू. पापुद्रा सुटला नाही तर काम तुझं, सुटला तर कारखान्याला कुलूप घाल. कारखान्यात मी, मिस्त्री आणि आणखी दोघे. दुसरा कोणी हे जाणणारा ओळखीचा असता तर तुम्हाला त्रास दिला नसता.

फोन करू नका. फोनवर तुम्ही दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही.

थोरला साडू


प्रयोगशाळा, १७ जानेवारी

भाऊसाहेबांस,

बाटलीवर चिठ्ठी होती. चिठ्ठीवर लाल अक्षरांत चार शब्द होते: पेटीच्या आत असतानाच उघडा. पेटी म्हणजे ती काचेसारखी, रबरी हातमोजे बसवलेली, जिला नायट्रोजनच्या सिलिंडरची नळी जोडायची आहे. ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं की तिच्यावर तुम्ही टोपी ठेवता. ती टोपी ठेवण्यासाठी पाठवलेली नाही.

दोन कोरडी मिठं असतात, दोन्हींची पांढरी भुकटी. एकत्र ढवळली की ती तापतात आणि आपोआप पातळ होतात. याला आयनिक द्रव म्हणतात. पाण्यात वीज सोडली की ती पाणीच फोडत बसते, ॲल्युमिनियमपर्यंत पोचत नाही. इथे पाणी नाही, म्हणून पोचते. पण या द्रवाला पाणी भेटलं की तो त्याच्यावर तुटून पडतो. आम्ल होतं, धूर होतो. हवेतला दमटपणासुद्धा पुरतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हे एकदाच सांगतो.

करायचं ते असं. बोल्टावरचं तेल काढा, ॲसिडात दोन मिनिटं साफ करा, धुवा, कोरडा करा. बाजूच्या दारातून पेटीत घ्या. आत द्रवात टांगा, समोर ॲल्युमिनियमचा पत्रा. साठ अंश, कमी करंट, एक तास. "कोरडा" या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या आहेत, त्या शोभेसाठी नाहीत.

यात कौशल्य लागत नाही. वाचता आलं पाहिजे.

आपला


कारखाना, २ फेब्रुवारी

डॉक्टर,

सोबत चार बोल्ट पाठवतो आहे. कागदात वेगवेगळे बांधलेत, कारण एकाला हात लावला की काजळ दुसऱ्याला लागतं. हे तुमचं ॲल्युमिनियम. अंगठ्याने पुसलं जातं. हिने एक हातात घेतला आणि म्हणाली, "डोळ्यांत घालायला चालेल का?"

वाचता येतं. चिठ्ठी वाचली, पत्र वाचलं, दोन रेघाही वाचल्या. टोपी खुंटीवर लावली. तेल काढलं, ॲसिड, धुणं, मग फडक्याने पुसून गरम हवा मारली. मिस्त्रीने प्रत्येक बोल्ट गालाला लावून बघितला. कोरडा. पेटीत घेतला, तुमच्या त्या मधासारख्या पातळात टांगला, तासभर करंट दिला. तो तास मी हातमोज्यांत हात घालून उभा होतो, गाईचं बाळंतपण करायला आलेल्या डॉक्टरसारखा. तुम्हीही डॉक्टरच, पण तो निदान वासरू काढून दाखवतो.

पातळावर धूर दिसत होता, थोडा.

दिवस मोजतो आहे.

थोरला साडू


प्रयोगशाळा, ९ फेब्रुवारी

भाऊसाहेब,

धूर दिसला म्हणजे पाणी गेलं. काळं पडलं म्हणजे पाणी गेलं. तिसरं कारण नाही. गाल हे मोजमापाचं साधन नाही, मिस्त्रींचा असला तरी.

तुमचं कोरडं आणि माझं कोरडं यांत फरक आहे. तुम्हाला ओल दिसली नाही की तुम्ही कोरडं म्हणता. फडकं धागे सोडतं, हवेच्या नळीतून पाणी आणि तेल उडतं. आता असं करा. धुतल्यावर बोल्ट भट्टीत ठेवा, एकशे वीस अंश, दोन तास. काढून लगेच झाकणाच्या डब्यात. डब्यात ओल शोषणारे खडे मी पाठवतो आहे. डब्यातच थंड होऊ द्या. डब्यातून सरळ पेटीत. मध्ये काही नाही.

माझ्याकडे शंभरावर नमुने आहेत आणि सगळे पांढरेशुभ्र आहेत. तुमचे काळे पडतात. चूक कुठल्या बाजूला आहे हे ठरवायला पदवी लागत नाही. पद्धत नवीन आहे आणि तुमचे हात जुने आहेत, एवढीच अडचण आहे.

आपला


कारखाना, २४ फेब्रुवारी

डॉक्टर,

भट्टी झाली. डबा झाला. खडे झाले. आठ बोल्ट केले, आठही काळे. दोन पाठवतो, बाकीचे तुम्हाला बघवणार नाहीत.

तीन आठवडे मी माझ्यात चूक शोधतो आहे. काल तुमच्यात शोधली. गेल्या वर्षी तुम्ही धाकटीच्या हाती एक नमुना पाठवला होता, आठवतो? हिने तो कपाटात, दागिन्यांच्या डबीत ठेवला होता. तो काढला आणि भिंगाखाली धरला. नखाएवढी चपटी पट्टी. एक बाजू पांढरी, मान्य, सुंदर. दुसऱ्या बाजूला लाखेसारखं काहीतरी फासलेलं, म्हणजे तिथे चढवायलाच नको. ना कडा, ना आटे, ना डोकं. डॉक्टर, तुम्ही आयुष्यात एक तरी बोल्ट केला आहे का? शंभर नमुने म्हणजे शंभर नखं. आणि मला शिकवता जुने हात.

दुसरी गोष्ट. तुमच्या साहेबांनी तुमचं काम मे महिन्यात बंद करायचं ठरवलं आहे, आणि खऱ्या कारखान्यात एकदा तरी ते चाललं असा कागद आणला तरच चालू ठेवतील, हे खरं का? हे मला हिच्याकडून कळलं, हिला धाकटीकडून. तुम्ही मात्र दोन्ही पत्रांत उपकार केल्यासारखं लिहिता. माझ्या बोल्टांवर तुमचंही पोट आहे तर तसं सांगायचं. मी काही हसलो नसतो. हसलो असतो, पण पत्रात लिहिलं नसतं.

थोरला साडू


प्रयोगशाळा, ३ मार्च

भाऊसाहेब,

पट्ट्या चपट्या आहेत, खरं आहे. मे महिन्याचंही खरं आहे. दोन्ही गोष्टींचा तुमच्या काजळाशी काडीचा संबंध नाही. चपट्या पट्टीवर पाणी लागलं तरी काळंच पडतं. मी मुद्दाम करून पाहिलं आहे. अगदी तुमच्यासारखं काळं.

पाणी कुठूनतरी जातं आहे आणि तुम्ही ते मला सांगत नाही. खोटं बोलता असं म्हणत नाही. तुम्हाला ते माहीतच नाही असं म्हणतो, आणि ते जास्त वाईट आहे.

एक करा. पुढची खेप करताना कोणालातरी शेजारी बसवा आणि तुमच्या हातांनी काय काय केलं ते सगळं लिहून घ्या. काय करायचं होतं ते नको, काय केलं ते. मिस्त्री नको. ते तीस वर्षं तुमच्याजवळ उभे आहेत, तुमच्या मनातलं लिहितील. ताईंना बसवा. त्यांना या कामातलं काही कळत नाही, तेव्हा त्या दिसेल तेवढंच लिहितील.

आपला


कारखाना, १२ मार्च

डॉक्टर,

तुमच्या आकडसासूबाई स्टुलावर बसल्या, वही मांडीवर. मी म्हटलं, "लिही. तेल काढायला बोल्ट कॉस्टिकमध्ये टाकला."

"तुम्ही सांगू नका. मला दिसतंय."

मग मी तोंड बंद ठेवून काम केलं. सकाळी नऊ ते दुपारी एक. भट्टीच्या दोन तासांत तिने स्वेटरची एक बाही विणली. शेवटी पेटीचं दार लावलं आणि म्हटलं, "वाच."

ती वाचत गेली. मी मान हलवत गेलो. शेवटच्या पानावर होतं: डब्याचं झाकण काढलं. बोल्ट काढला. पिंपात बुडवला. उजेडाकडे धरून फिरवला. झटकला. पेटीच्या दारातून आत टाकला.

"पिंपात कधी बुडवला?"

"आत्ता. प्रत्येक."

"मी नाही बुडवला."

"मिस्त्री, ह्यांनी बुडवला ना?"

मिस्त्री म्हणाला, "बुडवला नाही वहिनी. मालकांनी बघितला."

"पाण्यात घालून बघितला ना?"

"मग पाण्याशिवाय कसा बघणार?"

ती आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली. नंतर वही मिटून म्हणाली, "दोन महिने."

आता तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसून घ्या, मग पुढचं वाचा.

त्याला बुडवणं म्हणत नाहीत, डॉक्टर. धुणंही म्हणत नाहीत. टाकीत सोडायच्या आधी जॉब स्वच्छ पाण्यात घालून वर काढायचा आणि उजेडात धरायचा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर जॉब साफ आहे. पाणी कुठे तुटलं, थेंब थेंब झालं, तर तिथे तेल आहे, परत पाठवायचा. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी हे शिकवलं आणि सहा महिने दुसरं काही शिकवलं नाही. पाणी तुटलेला जॉब टाकीत सोडला तर कानाखाली वाजवायचा. त्यानंतर बत्तीस वर्षांत असा एकही जॉब मी सोडलेला नाही. तुम्ही "मध्ये काही नाही" असं लिहिलंत, मीही मध्ये काही केलं नाही. फक्त बघितलं. तुम्ही "न बघता टाका" असं लिहायला हवं होतं. ते तुम्हाला सुचलं नाही, कारण तुम्ही कधी बघितलेलंच नाही.

आता मला एक सांगा. कोरड्या बोल्टावर तेल आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ओळखता? कोरडा जॉब मला काही सांगत नाही.

थोरला साडू


प्रयोगशाळा, १८ मार्च

भाऊसाहेब,

हसलो. मग माझ्या साहेबांना वाचून दाखवलं, तेही हसले. दोन महिने तुम्ही मला शपथेवर लिहीत होता की कोरडा आहे, आणि प्रत्येक बोल्ट पिंपातून काढून माझ्या द्रवात सोडत होता. खडे, डबा, भट्टी, दोन तास, आणि शेवटी पिंप. असलं कोरडं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आम्ही ओळखत नाही. घड्याळ लावतो. तेल काढायला ठरलेली वेळ, ॲसिडाला ठरलेली वेळ. वेळ पाळली की पृष्ठभाग साफ असतो. तो साफ आहे का हे बघायची गरज ज्याला पडते त्याचा स्वतःच्या कामावर विश्वास नसतो.

पिंप हलवा. कारखान्याबाहेर.

वेळ थोडा उरला आहे आणि तुमच्यावर सोडून चालणार नाही. मी चोवीसला येतो, दोन दिवस राहीन. बोल्ट मीच करीन. तुम्ही बघा. कोरडंच बघा.

आपला


कारखाना, २९ मार्च

डॉक्टर,

तुम्ही गेल्यावर मिस्त्रीने पेटी पुसली. आत तुमच्या हातून पडलेले दोन बोल्ट आणि तुमच्या चष्म्याचा एक स्क्रू सापडला. स्क्रूवर ॲल्युमिनियम छान चढलं आहे, पाठवतो.

दोन दिवसांत सहा बोल्ट. काळा एकही नाही, हे मान्य करतो आणि पुन्हा करणार नाही. पण पत्र्याकडची बाजू पांढरी आणि पाठीमागची बाजू नागडी, आटे तळाशी कोरे. तुम्ही घड्याळाकडे बघत होता, घड्याळाने काही सांगितलं नाही. बोल्ट गोल असतो, डॉक्टर, त्याला पाठ नसते. मी पत्र्याची नळी वळवली आणि बोल्ट मधोमध टांगला, तेव्हा चारी बाजूंनी सारखं चढलं. त्यात डोकं लागलं नाही, टिनाची कात्री लागली. तुम्ही ती नळी वहीत काढून घेतलीत. खाली कोणाचं नाव लिहिलंत ते मला दिसलं नाही, तुम्ही हात आडवा धरला होता.

पिंप तुमच्यासमोरच बाहेर काढलं. तुम्ही गेल्यापासून चौदा बोल्ट केले. नऊ चांगले, पाचांचा पापुद्रा नटाबरोबर निघून आला. कधी सकाळी, कधी संध्याकाळी, वेगवेगळ्या जागी. वेळा तुमच्या कागदाप्रमाणे. कारण समजत नाही. तुमचं पातळ म्हातारं झालं असावं.

थोरला साडू


प्रयोगशाळा, ३ एप्रिल

भाऊसाहेब,

द्रव म्हातारा होत नाही, त्यात पाणी जातं. तरी नवी बाटली पाठवतो. ही शेवटची. पुढची बनवायला आता मला सही मिळत नाही.

नळीबद्दल: माझ्या वहीत "कारखान्यातील सुधारणा" असं लिहिलं आहे. वैयक्तिक नावं लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. माझं सोडून.

नऊ चांगले आणि पाच वाईट याचा अर्थ पद्धत बरोबर आहे आणि माणूस चौदापैकी पाच वेळा काहीतरी वेगळं करतो. तुम्ही काय करता ते मला कळवत नाही आहात. बारा दिवस उरले आहेत. या वेळी तरी बघणं आणि करणं यांत भेद करू नका, सगळं लिहा.

आपला


घर, ८ एप्रिल

भावोजी,

हे पत्र मी लिहिते आहे हे ह्यांना माहीत आहे. काय लिहिते ते माहीत नाही. विचारलं नाही.

पाच बोल्ट का सुटले ते तुम्हाला कळणार नाही, कारण हे सांगणार नाहीत. पिंप गेल्यापासून ह्यांना चैन नाही. डब्यातून बोल्ट काढतात आणि एक क्षण थांबतात. नऊ वेळा तसाच आत टाकतात. पाच वेळा आजूबाजूला बघतात, अंगठा जिभेला लावतात, बोल्टावरून फिरवतात आणि थुंकी तुटते का बघतात. मी स्टुलावरून पाहिलं. मिस्त्रीनेही पाहिलं, पण मिस्त्री म्हणेल मालकांनी बघितलं.

मी ह्यांना म्हटलं, "थुंकताय." हे म्हणाले, "थुंकत नाही." एवढंच बोलणं झालं. दोन दिवस आम्ही जेवताना मिठाचं भांडंसुद्धा मागितलं नाही, उठून घेतलं.

परवापासून मीच करते आहे. भांडण झालं नाही. सकाळी मी आधी गेले आणि ॲप्रन घातला. तो ह्यांच्या मापाचा आहे, गुडघ्याखाली येतो. हे आले, बघितलं, आणि करंट देणाऱ्या रेक्टिफायरच्या तारा पुसायला लागले. तारा स्वच्छच होत्या.

आतापर्यंत अकरा केले. अकराही नटाला टिकले. तुम्ही लिहिलं होतं की मला या कामातलं काही कळत नाही. पत्र मी वाचलं होतं, दोघांची सगळी वाचली आहेत. एकेक दोन-दोन पानांचं, त्यात कामाच्या ओळी तीन, बाकी तुम्ही किती मोठे आणि ते किती मोठे. कागदावर दोन मिनिटं लिहिलंय म्हणून मी दोन मिनिटं ठेवते. बघावंसं वाटत नाही, कारण काय बघायचं ते मला कोणी शिकवलंच नाही. ह्यांना पाणी दिसल्याशिवाय हात सोडवत नाही आणि तुम्हाला वहीत आल्याशिवाय खरं वाटत नाही. ह्यांच्यापेक्षा तुम्ही बरे असं समजू नका. तुम्ही सहा बोल्ट केलेत आणि स्क्रू पाडलात.

एकच विचारायचं आहे. हुक जिथे बोल्टाला धरतो तिथे कोरा ठिपका राहतो. मी अर्ध्या तासाने हुक थोडा सरकवते, मग ठिपका भरतो. करंट चालू असताना सरकवला तर चालेल का, की बंद करून? फक्त याचंच उत्तर द्या. एका ओळीत.

धाकटीला स्वेटरचं माप पाठवायला सांगा.

ताई


प्रयोगशाळा, ११ एप्रिल

ताई,

बंद करून.

मी हुक सरकवून कधी पाहिलेला नाही.

आपला


कारखाना, १६ एप्रिल

डॉक्टर,

काल बोल्टवाल्यांचा तपासनीस आला. बारीक माणूस, कोपरावर ठिगळ लावलेला कोट, बॅगेत फक्त नट आणि पाने. वीस बोल्ट फडक्यावर मांडले होते. त्याने वीसही घेतले, प्रत्येकावर पाच वेळा नट चढवला, उतरवला, नट झटकून पांढऱ्या कागदावर काय पडतं ते बघितलं. काही पडलं नाही. दोन तास लागले. त्या दोन तासांत तो एकदाच बोलला, "पंखा बंद करा, कागद हलतो."

मग त्याने फॉर्म काढला. फॉर्मवर एक रकाना होता, चढवणाऱ्याची सही. त्याने समजावून सांगितलं की ज्याची सही त्यानेच पुढे काम करायचं. दुसऱ्याचा हात लागला असं कळलं तर सगळा माल परत.

मी सही केली.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. पाटीवर नाव माझं आहे, टाक्या मी बसवल्या, नळी मी वळवली. ही भट्टीजवळ उभी होती. मिस्त्री बाहेर बघत होता.

तपासनीस म्हणाला, "आता एक माझ्यासमोर करा."

डबा तयार होता. मी झाकण काढलं, बोल्ट घेतला आणि डावीकडे वळलो. पिंप जाऊन तीन आठवडे झाले. तिथे फरशीवर गोल डाग आहे. मी बोल्ट हातात धरून त्या डागापाशी उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. टाकायचा आहे हे मला कळत होतं. पेटी चार पावलांवर होती. पण तो साफ आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेला जॉब माझ्या हातातून सुटत नव्हता.

"काय शोधताय?" तपासनीसाने विचारलं.

मिस्त्री म्हणाला, "काही नाही. मालक बघतायत."

"कशाकडे?"

ही पुढे आली. माझ्या हातातला बोल्ट घेतला आणि परत भट्टीत ठेवला, कारण तो हवेत फार वेळ राहिला होता. मला तेसुद्धा सुचलं नव्हतं. डब्यातून दुसरा काढला, दारातून आत घेतला, हातमोज्यांत हात घालून टांगला, घड्याळ लावलं. अर्ध्या तासाने करंट बंद केला, हुक सरकवला, चालू केला. तपासनीस तिच्या शेजारी उभा राहून तिला प्रश्न विचारत होता आणि ती उत्तरं देत होती. छोटी उत्तरं. मी चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हाही कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

बोल्ट निघाला. नट पाच वेळा. कागद पांढराच.

त्याने बॅगेतून दुसरा फॉर्म काढला. माझी सही असलेला फाडला नाही, उलटा करून त्यावर तारीख आणि गाडीची वेळ लिहून घेतली. नवीन फॉर्म त्याने तिच्यापुढे ठेवला. तिने हातमोजे काढले, हात ॲप्रनला पुसले आणि सही केली.

काम मिळालं. मिस्त्री आणि ते दोघे राहतील. फॉर्मची नक्कल सोबत आहे, साहेबांना दाखवा. कारखान्यात चाललं असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. शोधू नका, मी शोधलं.

आज सकाळी ही साडेसातला कारखान्यात गेली. मी नऊला गेलो.